छानच्या पुढे काय?

हल्लीची मुलं आईवडिलांना लग्नाच्या वाढदिवसाला वस्तू देत नाहीत, अनुभव देतात. वस्तूचं बरं असतं. मिक्सर मिळाला तर घरात आधीच एक आहे म्हणून माळ्यावर टाकता येतो, शाल मिळाली तर पुढच्या मुंजीत कुणाच्या तरी खांद्यावर घालून मोकळं होता येतं. पण अनुभव माळ्यावर जात नाही आणि आहेरातही खपत नाही, तो ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो आणि वर त्याचे फोटो पाठवावे लागतात. लेकीनं बंगळुरूहून फोन केला. "बाबा, तुमचं नाशिकचं बुकिंग केलंय. वायनरी बघायची, टेस्टिंग करायचं." मी म्हटलं, "अगं, पण आम्हाला त्यातलं काय कळतं?"

ती म्हणाली, "म्हणून तर!"

आमच्या घराण्यात वाईनचा पूर्वेतिहास म्हणजे द्राक्षासव. आजीच्या फडताळात ती काळपट बाटली असायची आणि जेवणानंतर पाण्यातून दोन चमचे घेतले की आजीला हुशारी वाटायची. द्राक्षं धायटीच्या फुलांबरोबर आंबवतात आणि त्यात मद्य आपोआप तयार होतं, हे आजीला कुणी सांगितलं असतं, तर सांगणाऱ्याला हाकलून तिनं आणखी दोन चमचे घेतले असते. बाकी नाशिकला आमच्याकडची माणसं आजवर दोनच कारणांनी गेली, काळारामाचं दर्शन घ्यायला आणि रामकुंडात अस्थी सोडायला. प्यायला निघालेला मीच पहिला.

निवृत्त बँकवाला असल्यामुळे मी तयारी कागदपत्रांपासून सुरू केली. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा अजून आहे, त्यानुसार प्यायला परवाना लागतो, वाईनला वयाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कडक दारूला पंचवीस, ही माहिती मिळताच मी आधार, पॅन, फोटो आणि जन्मदाखल्याची साक्षांकित प्रत असं सगळं प्लास्टिकच्या फाईलमध्ये लावलं. मग व्हिडिओ पाहिले. त्यात एक कोट घातलेला गृहस्थ ग्लास दांडीला धरून गोल फिरवायचा, कारण वाटीला धरला तर हाताच्या उबेनं वाईन तापते, आणि फिरवला की वास मोकळा होतो. मी कोकम सरबतावर सराव केला. वास मोकळा झाला की नाही माहीत नाही, सरबत मात्र पार मोकळं झालं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर एकादशीपासून संकष्टीपर्यंत पसरलं. बायको म्हणाली, "तिथे तुम्ही नुसता धरून बसा. फिरवायचा झाला तर मी फिरवीन."

परतताना गाडी चालवायचा प्रश्न नको म्हणून ड्रायव्हर ठरवला. तो निघाला निफाडचा, द्राक्षबागायतदाराचा मुलगा. नारायणगाव आलं तसं मी मागच्या सीटवरून ज्ञान पाजळलं, की हे नुसतं विठाबाईंचं आणि तमाशाच्या फडांचं गाव नव्हे, इथंच १९८०च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच तज्ज्ञांना आणून फेसाळती वाईन काढली आणि ती थेट परदेशात विकली. पुढे राजीव सामंतांनी १९९७च्या सुमाराला नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला वाईनच्या द्राक्षांची लागवड केली, २०००मध्ये पहिली बाटली बाजारात आणली आणि मग आजूबाजूच्या तालुक्यांत वायनऱ्या उभ्या राहिल्या. ड्रायव्हरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि आरशातून विचारलं, "काका, खरड छाटणी आणि गोडी छाटणी यांतला फरक ठाऊक असंल ना?"

पुढचे दोन तालुके तोच बोलत होता. एप्रिलमध्ये वेल पार खरडून काढायचा, त्यातून पुढच्या मालाच्या काड्या तयार होतात. पाऊस सरला की ऑक्टोबरात गोडी छाटणी, त्यावर घड येतात. म्हणून युरोपात ऑगस्ट ते ऑक्टोबरात होणारी तोडणी आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्ये होते. ऐन पावसाळ्यात घड पिकायला आला तर तो सडणारच. आपण खातो ती थॉमसन, बिनबियांची, पातळ सालीची. वाईनचा दाणा बारीक, साल जाड, आत बिया. "दिसायला काय नसतं काका, पण साखर खायच्या द्राक्षापेक्षा जास्त." सिन्नर येईपर्यंत बायकोनं त्याला पाणी कसं देता, औषध कधी मारता, गारपीट झाली की काय करता, हे सगळं विचारून घेतलं होतं. मी फाईल मांडीवर घेऊन बसलो होतो.

वायनरीच्या काउंटरवर मी ती फाईल उघडून जन्मदाखला पुढे केला. मुलीनं एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्या केसांकडे.

"राहू द्या सर. वय दिसतंय."

आता एक खाजगी गोष्ट सांगतो. वाईन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातलं दृश्य होतं, मोठं लाकडी पिंप, त्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडून द्राक्षं तुडवणारी माणसं. म्हणून आदल्या रात्री मी नखं कापली होती, टाचा वज्रीनं घासल्या होत्या, आणि पटकन काढता यावेत म्हणून बूट टाळून सँडल घातले होते. आत गेलो तर चकचकीत स्टीलच्या दोन मजली टाक्या, नळ्या, थंडी, आणि रबरी बूट घातलेला एक माणूस संगणकावर तापमान बघतोय. मी गाईड मुलीला हळूच विचारलं, "तुडवायचं कुठे?" ती म्हणाली, "सर, ते पर्यटकांसाठी कधी कधी ठेवतात. ती द्राक्षं वाईनमध्ये जात नाहीत." माझ्या टाचा इतक्या स्वच्छ आयुष्यात झाल्या नव्हत्या. कुणी पाहिल्यासुद्धा नाहीत.

त्या मुलीनं मात्र फार नीट समजावलं. बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस मुळात पांढुरकाच असतो, रंग सालीत. पांढऱ्या वाईनसाठी आधी रस काढून साली बाजूला करतात, मग यीस्ट त्यातली साखर खाऊन मद्य आणि कार्बन डायॉक्साइड तयार करतं. लाल वाईन सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंग येतो आणि जीभ आवळणारा तुरटपणाही. साधारण किलोभर द्राक्षांची एक बाटली. मी विचारलं, "मग रोझे म्हणजे लाल आणि पांढरीची मिसळ का?" नाशिकात मिसळीचा विषय अस्थानी नसतो, अशी माझी समजूत होती. मुलगी म्हणाली, "नाही सर, साली थोडा वेळच ठेवायच्या आणि काढायच्या." बायको म्हणाली, "म्हणजे चहात पुडी बुडवून लगेच काढायची, तसं." मुलगी तिच्याकडे वळली. त्यानंतर ती माझ्याकडे फारशी वळलीच नाही.

टेस्टिंगच्या टेबलावर आम्ही दहाएक जण होतो. मुंबईची दोन तरुण जोडपी होती, ती ग्लास न बघता फिरवत होती आणि काही सांडत नव्हतं, त्यावरून त्यांचा अधिकार कळला. पहिली आली फेसाळती. ही बाटलीत दुसऱ्यांदा आंबवतात, तो वायू आतच कोंडतो आणि बाटलीत मोटारीच्या टायरच्या अडीच-तीनपट दाब असतो, एवढं मुलगी सांगत होती. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात होते तिलाच शँपेन म्हणायचं, हेही सांगत होती. पण तोवर कोटवाल्या गृहस्थाची आठवण ठेवून मी नाक ग्लासात पूर्ण आत नेलं होतं आणि नेमका तिथे श्वास घेतला होता. शिंक माझी असली तरी दाब वाईनचा होता. समोरच्या तरुणानं चष्मा पुसला आणि म्हणाला, "इट्स ओके, अंकल."

दुसरी सॉव्हिन्यो ब्लां. मी ती लहानपणीच्या काढ्यासारखी डोळे मिटून एका घोटात संपवली आणि ग्लास उपडा ठेवला. बाकीचे अजून वासच घेत होते. मुलीनं एकेकाला विचारायला सुरुवात केली, "काय जाणवतंय?" एक तरुणी म्हणाली, सिट्रस. तिचा नवरा म्हणाला, मिनरल. माझी पाळी आली. मी बराच विचार केला, जीभ टाळूवर फिरवली, छताकडे पाहिलं आणि सांगितलं, "छान."

"छान म्हणजे कशी, सर?"

"म्हणजे, चांगली."

टेबलावर शांतता पसरली. ती मोडायला बायको म्हणाली, "यांच्याकडून याच्यापुढे काही निघायचं नाही. मी लग्न झाल्यापासून वाट बघतेय." मग तिनं ग्लास उचलला, नुसता ओठांना लावला, मांजरही जिवंत राहणार नाही एवढा घोट घेतला आणि म्हणाली, "हिरवी ढोबळी मिरची चिरल्यावर येतो तो वास आहे. आणि कच्ची कैरी. मागून थोडं लॉन कापल्यासारखं." मुलीनं हातातला कागद खाली ठेवला. "मॅम, तुम्ही वाईनमध्ये काम केलंय का?" बायको म्हणाली, "नाही, स्वयंपाकघरात."

त्यानंतर टेस्टिंग बायकोचं झालं. शेनिन ब्लां आली, तिनं पिकलेला पेरू सांगितला. शिराझ आली, तिनं जांभूळ आणि ताजी कुटलेली मिरी सांगितली आणि वर विचारलं, "हिला लाकडाचा धूर कसा लागला?" तेव्हा मुलीनं आनंदानं सगळ्यांना सांगितलं, की ही वाईन ओकच्या पिंपात मुरवलेली आहे आणि पिंपं करताना आतून जाळ दाखवतात. मुंबईची जोडपी आता आपले ग्लास आधी बायकोपुढे सरकवत होती. मी मात्र प्रत्येक ग्लास प्रामाणिकपणे संपवत होतो, कारण पैसे भरलेले होते.

चौथ्या ग्लासानंतर मन उदार होतं. टेबलाच्या मध्ये झाकणाला भोक असलेलं एक काळं देखणं भांडं होतं. मुलगी बिचारी एवढं बोलतेय, काहीतरी द्यायला हवं, असं वाटून मी शंभराची नोट घडी करून कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेतानं त्या भोकातून आत सोडली. सगळ्यांच्या लक्षात आलं. ते भांडं नको असलेली वाईन ओतायला आणि तोंडातली थुंकायला होतं. मुलीनं चिमटा आणला आणि नोट बाहेर काढली. आयुष्यभर दारूबंदीचा पुरस्कार केलेल्या गांधीजींना मी दहा जणांच्या उष्ट्या शिराझमध्ये गळ्यापर्यंत बुडवलं होतं.

शेवटी लेट हार्वेस्ट आली. घड वेलीवर जास्त दिवस ठेवून रस आटू देतात, त्यामुळे ती गोड असते. मी घोट घेतला आणि पहिल्यांदाच मनापासून म्हणालो, "छान!" मुलगी मायेनं हसली. मघापर्यंत मी सर होतो.

"ही सगळ्यांना कळते, काका."

परतीच्या वाटेवर बायको बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्या पोरीचं एक आवडलं. दर घोटाला थांबून विचारत होती, काय लागतंय म्हणून. मी रोज दोन वेळा चाळीस वस्तूंची चव जुळवते, मला कधी कुणी विचारलं नाही." आरशात ड्रायव्हरचे डोळे दिसत होते. ते माझ्याकडेच बघत होते. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, की इथून पुढे ताटातल्या प्रत्येक पदार्थाला मी त्याच्या योग्यतेची दाद देणार, आणि तीही तपशीलवार.

घरी येऊन त्याच संध्याकाळी आणलेली बाटली उघडायला घेतली. खास विकत घेतलेला बूच काढायचा स्क्रू मी झाकणावर रोवला आणि जोर लावून फिरवला. आत काही शिरेना. गुडघ्यात बाटली धरली, पुन्हा फिरवला, पत्र्याला भोक पडलं. बायकोनं बाटली हातातून काढून घेतली आणि साध्या औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवावं तसं फिरवून ती उघडली. बूच नव्हतंच. फिरकीचं झाकण होतं.

पण दाद राहिली होती. पानं वाढली होती, आमटीभात होता. पेपर मी मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवला. आमटीची वाटी नाकाशी नेली, या खेपेला बेताच्या अंतरावर, एक भुरका तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि म्हणालो, "सुरुवातीला चिंच येते. मग गोडा मसाला, त्यातही दगडफूल पुढे. मध्ये गूळ अगदी अलगद. आणि शेवट हिंगाचा, बराच वेळ रेंगाळणारा."

बायकोच्या हातातला डाव तसाच राहिला. मला वाटलं, भारावली.

"आणि मीठ?" तिनं विचारलं.

"मीठ तर अतिशय समतोल."

"ते घालायचं राहिलंय," ती म्हणाली आणि बरणी माझ्यापुढे सरकवली.

मी चिमूटभर घातलं, ढवळलं. आमटी छान झाली होती.