प्रचेष्टा

2020-21 च्या ‘परफॉर्मन्स ग्रेडिंग इंडेक्स’मध्ये केंद्रानं महाराष्ट्राच्या शाळांना 1000 पैकी 928 गुण दिले. पुढच्याच वर्षी फूटपट्टी बदलली आणि गुण झाले 583.2. पोरं तीच, गुरुजी तेच, गळकं छप्परही तेच. नव्या फूटपट्टीला दहा पायऱ्या. आपण वरून सातवीवर आलो, तिचं नाव ‘प्रचेष्टा-3’. तिथं बसायला 581 लागतात, म्हणजे थोडक्यात वाचलो! नाव दिल्लीचं. तिकडं चेष्टा म्हणजे प्रयत्न असेल. शेवगावात चेष्टा म्हणजे चेष्टाच.

दिवाळी सरली की शेवगाव-पाथर्डीकडून ऊसतोडीची बिऱ्हाडं निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पत्र्याची पेटी, हंडा, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि हंड्याला धरून बसलेली दुसरीतली पोरगी. गुरुजी तेव्हा मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर चढलेले असतात, त्याच गुणांसाठी शाळेची माहिती सरकारच्या ‘यू-डायस’वर भरायचीय. हात धुण्याची सोय आहे? आहे. पाणी येतं? गुरुजी वाकून बघतात. येतं की! हात तेवढे कारखान्यावर गेलेत. त्याला रकाना नाही.

ट्रॉली वळणावर दिसेनाशी होते. गुरुजी ‘सबमिट’ दाबतात. चक्र फिरत राहतं.