तीन शिट्ट्यांचा लॅपटॉप

आमच्या घरी लॅपटॉप सुरू व्हायचा वेळ मिनिटांत मोजत नाहीत, कुकरच्या शिट्ट्यांत मोजतात. २०१४ साली घेतला तेव्हा पहिल्या शिट्टीच्या आत स्वारी हजर असायची. गेल्या वर्षी तिसऱ्या शिट्टीवर गेली. वरण घोटून होतं, फोडणी पडते, तरी पडद्यावर ठिपके आपले गोल फिरतायत. काम करता करता बाण जागच्या जागी थिजायचा, खिडकी पांढरीफटक पडायची आणि मी चिडून दिसेल ते दाबत सुटायचो. लॅपटॉप ते सगळं मनात ठेवायचा आणि दोन मिनिटांनी एकदम ओकायचा. पाण्याच्या टाकीबद्दलची माझी तक्रार सोसायटीच्या सेक्रेटरींना त्यामुळे अकरा वेळा गेली.

दुरुस्तीला न्यायची सोय नव्हती. सोसायटीत मी ‘कॉम्प्युटरमधलं कळणारे काका’ आहे. एकदा शेजाऱ्यांचा बंद पडलेला प्रिंटर मी चालू करून दिला होता. त्याची पिन निघाली होती, हे फक्त मला ठाऊक.

पहिला उपाय म्हणून लॅपटॉप ‘हलका’ करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम घातला. व्हायरसची शंका आली म्हणून एका अँटिव्हायरसच्या जोडीला दुसरा आणला. दोन्ही एकमेकांवर पाळत ठेवू लागले, जसे रात्री दोन वॉचमन एकमेकांनाच ‘कोण आहे?’ विचारत बसावेत. कुकर चौथ्या शिट्टीवर गेला.

मग टास्क मॅनेजर उघडला. तो उघडेपर्यंत मी दाढी करून आलो. त्यात ‘डिस्क’च्या खाली १०० टक्के, लालभडक! लॅपटॉप सुरू होताना आपोआप उठणाऱ्या मंडळींची यादीही होती. त्यात आम्ही तीन वर्षांपूर्वी भंगारात घातलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम रोज सकाळी उठून मालकाची वाट पाहत होता. मला भरून आलं, पण त्याला बंद केलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण पंख्याचा घर्रघर्र आवाज येत होता आणि आतल्या धुळीमुळे यंत्र तापतं, तापलं की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतं, हे मला कळलं होतं. अर्धवट ज्ञान आणि पन्नास रुपयांचा स्क्रूड्रायव्हरचा संच एका दिवशी घरात येऊ नयेत.

खालचे दहा स्क्रू काढले. झाकण निघेना. आणखी दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, हे मला झाकण कडकन वाजल्यावर समजलं. कडेच्या खाचा सोडवायला पातळ काहीतरी हवं होतं, म्हणून उलथनं आणलं.

“अहो, ते धिरड्याचं आहे!” बायको आतून ओरडली.

धूळ उडवायला सायकलचा पंप लावला. थोडी धूळ माझ्या डोळ्यांत आली, बाकीची आणखी आत गेली. झाकण लावल्यावर एक स्क्रू उरला. मी तो कागदाच्या पुडीत बांधून खिशात टाकला. आता लॅपटॉप सुरूच होईना.

शेवटी मुकाट्यानं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. दुकानातल्या पोरानं झाकण असं उचललं जणू डब्याचं आहे. पंख्यापुढच्या पत्र्यांतून त्यानं चिमट्यानं पिस्ता रंगाची एक घडीच बाहेर ओढली.

“काका, हा गादीवर ठेवता का?”

गोधडीवर. तो रंग सासूबाईंच्या नऊवारीचा होता, मी ओळखला.

सैल झालेली एक वायर त्यानं बसवली आणि लॅपटॉप जागा झाला. मग खरं दुखणं त्यानं सांगितलं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. माझा ओटा ४ जीबीचा आणि त्यावर स्वयंपाक लग्नाचा. जागा संपली की पातेली माळ्यावर ठेवायची, लागली की शिडी लावून उतरवायची. माळा म्हणजे हार्ड डिस्क, मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावरची सुई दिवसभर शिडी चढत-उतरत होती. त्यानं फिरतं काहीच नसलेली एसएसडी बसवली, रॅम ८ जीबी केली, माझा दुसरा वॉचमन काढून टाकला. विंडोज १०चे फुकटचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबलेत आणि ११ या प्रोसेसरला झेपणार नाही, तेव्हा बँकेची कामं यावर करू नका, असंही बजावलं. मी अशी मान डोलावली, जणू हे मीच त्याला सांगणार होतो.

झाकण लावताना तो थबकला.

“याआधी कुणी उघडला होता? लांब स्क्रू आखूड भोकात घातलाय. धूळ आत ठासून भरलीये. आणि काका, कडेला ही हळद आहे का?”

“भाच्यानं,” मी म्हणालो. भाचा नाशिकला असतो.

“त्याला सांगा, परत हात नको लावू म्हणावं. एक स्क्रूपण कमी आहे.”

खिशातली पुडी मांडीला टोचली.

“विचारतो त्याला,” मी म्हणालो.