टॉर्कचा पाना आणि अंदाज पंचे

एंजिनाच्या उदरातून टकटक ऐकू येऊ लागली की प्रथम तिच्याकडे दुर्लक्ष करावे, मग खिडकीच्या काचा वर कराव्यात आणि अगदीच निरुपाय झाल्यास इष्टमित्रांकडून निदाने गोळा करावीत, अशी आपल्याकडील वहिवाट आहे. परंतु माझ्या जुन्या फियाटचा ऑइलचा तांबडा दिवा, गाडी सिग्नलपाशी उभी राहताच, डोळे मिचकावू लागला, तेव्हा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांचे अवतारकार्य संपत आले हे मानणे भाग पडले आणि ती स्वहस्ते, घरच्या अंगणात बदलण्याचे फर्मान मी काढले. घरातून हरकत आली नाही. फक्त विम्याचे कागद कोठे ठेवले आहेत, याची चौकशी झाली.

बेअरिंगची पाठ पोलादाची, पण आतले अस्तर मऊ. अशा मऊ मिश्रधातूच्या अस्तराचे पेटंट आयझॅक बॅबिट या अमेरिकन गृहस्थाने 1839 साली घेतले. एकत्र कुटुंबात थोरल्या सुनेने जे करायचे, तेच एंजिनात या अस्तराने करायचे, म्हणजे स्वतः झिजायचे आणि क्रँक व रॉड या मातब्बर मंडळींच्या अंगावर ओरखडा उमटू द्यायचा नाही.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, ऑइलचे चेंबर उतरवले आणि बेअरिंगांचे आठही शेल वर्तमानपत्रावर नंबरवार मांडले. करडे अस्तर जाऊन खालचे तांबे जागोजाग उघडे पडले होते. पंचनाम्यास अर्धी आळी हजर होती. क्रँकवरून नख फिरवले. ते कोठेही अडकले नाही, सबब क्रँक निर्दोष सुटला. नव्या शेलमध्ये प्लॅस्टिकचा बारीक धागा ठेवून रॉडची कॅप बोल्टांनी आवळायची, पुन्हा काढायची आणि चिरडलेल्या धाग्याची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडून पाहायची, म्हणजे तेलासाठी मिलिमीटरचे किती शतांश उरले ते कळते.

खरा वाद पेटला तो बोल्टांवरून. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या पोलादाला मागे येण्याची जी ओढ असते, तिच्यावरच त्याची पकड अवलंबून असते. कमी आवळला तर तो सुटतो, फाजील आवळला तर त्याचा जीवच जातो, आणि दोन्ही प्रकारांत रॉड एंजिनाची भिंत फोडून बाहेर येण्यास मुखत्यार होतो. म्हणून बोल्ट नवे आणले आणि टॉर्कचा पाना हाती घेतला. पण आमचे शेजारी अण्णा, निवृत्त अव्वल कारकून, हयातभर अंदाज पंचे दाहोदरसे या शास्त्रावर विसंबलेले! "अहो, मनगट दुखलं की थांबायचं, त्यात यंत्र कसलं?" असे ते म्हणतात न म्हणतात तोच ठरल्या मापाला पाना कट्‌कन वाजला. "तुटला बघा!" म्हणून अण्णांनी तत्काळ निकाल दिला.

एंजिन आता शांत आहे. वाचकांपैकी कोणी हा उद्योग आरंभणार असेल, तर टॉर्कचा पाना मात्र स्वतःचा विकत घ्यावा; माझा सध्या अण्णांच्या ताब्यात असून, ते त्याने खाटेचे बोल्ट आवळीत आहेत.