ढग ठाकुर्लीचा

तुमच्या बिल्डिंगमध्येही असेलच. लिफ्टचं दार बंद होईपर्यंत गप्प राहतो आणि मग मोबाइल तुमच्या नाकाशी धरून म्हणतो, "हे बघा."

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांना कॅप्टन म्हणतात. हयात आवक-जावक रजिस्टर भरण्यात गेली. आता संगणकावर विमानं उडवतात, मध्येच स्क्रीनशॉट काढतात आणि रात्र रात्र जागून त्याचं चित्र करतात. स्क्रीनशॉटमध्ये विमानाचा पंखा बंद पडल्यासारखा दिसतो. मग पाती पुसून तिथे धूसर चकती फिरवायची. कडांच्या पायऱ्या घासायच्या. विमानाच्या पोटाला खालच्या मातीचा तांबूसपणा द्यायचा. "शेतावरून चाललंय, सर. पोट पांढरं कसं राहील?"

इथवर ठीक होतं. पण ढग!

गेममधले ढग त्यांना चालत नाहीत. "पिंजलेला कापूस नुसता." म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून ते स्वतः ढगांचे फोटो काढतात आणि चित्रात बसवतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा पुस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, ते चित्र मला ऐन फास्ट लोकलच्या वेळेला दाखवलं. खाली कराची, वर ढग ठाकुर्लीचा. १९७१ साली आलेलं एअर इंडियाचं जम्बो, 'एम्परर अशोक'. खिडक्यांभोवतीच्या लाल महिरपी एकेक करून कोरलेल्या. विमान लंडनवर, ढग कोपरचा. "जूनचा पहिला आहे," हेही वर. माझी फास्ट गेली.

आता आमची ही भाजीवाल्याकडून आल्यावर पिशवी ठेवत विचारते, "आज ढग कुठला होता?"

कळस म्हणजे, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाने दुबईला जाताना विमानाच्या खिडकीतून खराखुरा फोटो पाठवला. कॅप्टननी त्यातला ढग पुसून ठाकुर्लीचा बसवला. "तो नकली वाटत होता."

परवा चहाला म्हणून घरी नेलं. चहा आलाच नाही. पडद्यावर डकोटा उतरत होतं, मागे मलंगगड.

"नेवाळी," ते म्हणाले.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन तिथे धावपट्टी केली. युद्ध संपलं, जमिनी काही परत मिळाल्या नाहीत. २०१७च्या जूनमध्ये त्यावरून आंदोलन पेटलं, तेव्हा हा माणूस चार दिवस लिफ्टमध्ये दिसला नव्हता. मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

चित्रात डकोटाची चाकं खाली आलेली, पण चाकांखाली नुसता हिरवागार भात.

"कॅप्टन, धावपट्टी?"

"पुसली."

"मग उतरणार कुठे?"

त्यांनी चित्र मोठं केलं. बांधाजवळ एक इरलं वाकलेलं होतं. विमानाच्या पोटावर या वेळी तांबूस नव्हे, हिरवी झाक होती.

"आज्याची लावणी चाललीय," ते म्हणाले. "त्याला म्हणावं, घिरट्या घाल."

मी बराच वेळ बघत राहिलो. मग, सवयीने म्हणा, मीच विचारलं, "ढग?"

"तिथलाच. कल्याणहून रिक्षाने गेलो. तीन दिवस गेलो, तेव्हा एक आला."