फळी, शीड आणि बांधाचा दावा

विंडसर्फिंगची जुनी फळी लांबलचक, जड आणि सोशिक असते. कॅलिफोर्नियातील होयल श्वाइत्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ साली जिच्या पेटंटासाठी अर्ज केला, ती 'विंडसर्फर' बारा फुटांची होती. अंग पॉलिथिलीनचे, शिडाचा बूम, म्हणजे हातात धरायचा दांडा, सागवानी, पोटातून खाली डॅगरबोर्डाचे पाते. सुकाणू नाही, कुठल्याही बाजूला कलणारी डोलकाठी पुढेमागे झुकवून वळायचे. लांबीमुळे ती मंद वाऱ्यातही सरकते आणि डॅगरबोर्डामुळे आडवी वाहून जात नाही. कोकणातल्या झोपाळ्याची ती थोरली बहीण शोभेल.

हे सांगणाऱ्याचे देवरूख सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. समुद्रावर अधिकाराने बोलायला समुद्र दिसावा लागतो, असे तेथे कोणी मानत नाही; प्रस्तुत लेखक तर पोहता येण्याचीही अट मानत नाही. दावेफाटे मात्र त्याला जन्मजात कळतात, म्हणून पेटंटाची हकीकत जरा सविस्तर. श्वाइत्झरच्या कंपनीने इंग्लंडमध्ये ताबूर मरीन कंपनीवर दावा लावला. प्रतिवादींनी पीटर चिल्व्हर्स यांचे उदाहरण पुढे केले: १९५८ साली, बारा वर्षांचे असताना, हेलिंग बेटाजवळ त्यांनी फळीला शीड लावले होते. पेटंटातला बूम कमानदार, पोराचा सरळ, हा फरक होताच. पण वारा भरला की सरळ बूमही वाकून कमानदार होतो! अपील कोर्टातही पेटंट टिकले नाही. आमच्या संगमेश्वर तालुक्यात हाच दावा बांधाच्या दाव्यासारखा तीन पिढ्या चालला असता, बूमचा बाक मोजायला कोर्ट कमिशनर आला असता आणि त्याच्या जेवणावरून पोटदावा उभा राहिला असता.

पुढे हवाईत फळीवर पायपट्टे आले, फळ्या आखूड आणि हलक्या झाल्या. आखूड फळी जोराच्या वाऱ्यात पाण्यावरून घसरत सुटते; वारा पडला की स्वाराला गुडघाभर पाण्यात उभे करते. आजची ऑलिंपिकची आयक्यूफॉइल २२० सेंटिमीटर लांब आणि ९५ सेंटिमीटर रुंद असते. खालच्या दांड्यावरचे पंख, म्हणजे फॉइल, वेग येताच तिला पाण्याबाहेर उचलतात, म्हणून बेताच्या वाऱ्यातही ती पळते.

ऑलिंपिकने मात्र फळ्या बदलण्याचा सपाटा लावला आहे: १९८४ ला विंडग्लायडर, मग लेश्नर, १९९६ पासून मिस्ट्रल, २००८ पासून आरएसएक्स आणि २०२४ ला आयक्यूफॉइल. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली इबाद अलीने भारताला कांस्यपदक मिळवून दिले ते आरएसएक्सवर, म्हणजे टोकियोनंतर ऑलिंपिकने निवृत्त केलेल्या फळीवर. श्रीमंत देशातला खेळाडू नवी फळी घेतो. जिथे एक फळी मिळवतानाच उमेदीची वर्षे जातात, तिथल्या पोराचे शिकलेले अंगवळण असे दर काही वर्षांनी मोडीत काढणे याला प्रगती म्हणताना जीभ अडखळते.

कोकणापुरते पाहिले तर दुपारचे खारे वारे जुन्या लांब आणि नव्या फॉइलच्या, दोन्ही फळ्यांना चालतात. अडचण खाडीत येते. फॉइलचा दांडा जवळजवळ मीटरभर खोल असतो. ओहोटीला तो रेतीत रुततो, नाहीतर कोणाच्या तरी जाळ्यात. जुन्या फळीचा डॅगरबोर्ड हाताने वर ओढता येतो. आता जुन्याच घाटाची, पण वजनाला हलकी 'विंडसर्फर एलटी' निघाली आहे, आणि तिलाही डॅगरबोर्ड आहे.