फ्रीजसमोरच्या चपला

माननीय काका,


घराचा ताबा देताना तुम्ही तीन गोष्टी मागे ठेवून गेलात. किल्ल्यांचा जुडगा, पाणीपट्टीच्या पावत्या आणि स्वयंपाकघरात फ्रीजच्या जागेसमोर नीट मांडलेला रबरी चपलांचा जोड. चपला विसरल्या असतील म्हणून हिने त्या पिशवीत घालून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी आमचा फ्रीज लागला, हिने अनवाणी दार उघडलं आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. तेव्हा कळलं, ती या घराची सुरक्षा यंत्रणा होती.

हे पत्र तक्रारीचं नाही. खुलं एवढ्यासाठीच की तुमच्या हातची कला आमच्या चार भिंतींत (आता साडेतीन, त्याकडे येतोच) कोंडून राहू नये. साताऱ्यातलं १९७२चं घर, ‘एकदम दणकट, फक्त रंगाचं काम आहे’ असं तुम्ही म्हणालात. रंग निघायला लागल्यावर बाकीचं काम दिसू लागलं.

वायरमनने मेनबोर्ड उघडला आणि देवळात उभं राहतात तसा गप्प उभा राहिला. चिनी मातीच्या फ्यूजमध्ये केसासारखी तार असते. तुमच्या फ्यूजमध्ये जाड तांब्याचे चार पेड एकत्र पिळलेले. ‘घर जळंल सायेब, पर ह्यो फ्यूज जायाचा न्हाई,’ तो म्हणाला. मला पेच कळला. पूर्वी फ्यूज सारखा जायचा. पाच अँपिअरच्या एका प्लगवर इस्त्री, मिक्सर आणि पाणी तापवायची शेगडी, आत लाकडी पट्टीतून फिरवलेली अॅल्युमिनियमची वायर, जोडांवर काळी पडलेली. बिचारा फ्यूज ओरडून सांगत होता. तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत.

चपलांचं मूळ मात्र शोधायला दोन दिवस लागले. मूळ बांधकामात अर्थिंगची वायर नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली होती, आणि तो पाइप जमिनीत गेलेला. पुढे पाइप गंजला, पाणी तांबूस यायला लागलं, म्हणून तुम्ही सगळी लाइन प्लास्टिकची केलीत. पाणी स्वच्छ आलं. आणि त्याच दिवशी घराचं अर्थिंग गेलं, कारण प्लास्टिकमधून वीज जमिनीत उतरत नाही. प्रत्येक प्लगचं तिसरं भोक तेव्हापासून शोभेचं. फ्रीजच्या पत्र्यावर उतरलेला करंट वाट बघत बसायचा, अनवाणी कोण येतंय याची. चूक तुमच्या हातून नकळत झाली, हे मी मानतो. पण शॉक बसायला लागल्यावर घरातल्या कुणालाही वायरमनच्या आधी चपला आठवाव्यात, याला मी दाद देतो.

आता साडेतीन भिंतींबद्दल. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांमधली भिंत पाडून तुम्ही ‘ओपन किचन’ केलंत, वर पीओपी मारून छान नक्षी काढलीत. हे घर खांबांवर उभं नाही. स्लॅबचा भार विटांच्या भिंतींवर आहे. आम्ही बोलावलेल्या इंजिनिअरने पीओपी फोडला, दोन्हीकडे उरलेल्या भिंतीची जाडी टेपने मोजली आणि विचारलं, ‘नऊ इंची होती, माहीत होतं?’ साडेचार इंची भिंत असती तर बहुधा नुसता आडोसा म्हणून निभावलं असतं. त्याच घावात तुम्ही भूकंपपट्टीही तोडलीत. व्यवहाराच्या वेळी तुम्हीच अभिमानाने म्हणाला होता, ‘कोयनेच्या भूकंपानंतर बांधलंय, भूकंपपट्टी आहे, हलायचं नाही.’ ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे हा जिल्हा हलला तेव्हापासून इथल्या माणसाला त्या पट्टीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. सध्या जेवणघरात सहा जॅक उभे आहेत, गर्डर यायचा आहे. पाहुणे जॅकला टेकून चहा पितात.

त्या भिंतीच्या बाजूला, पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेल्या भेगेवर तुमचं कालनिर्णय लटकत होतं. आता तिथे इंजिनिअरने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख घातली आहे. काच तडकली तर भेग चालती आहे, नाही तर थांबलेली. आमची मुलगी शाळेत जाताना देवाकडे आणि काचेकडे अशा दोन्हींकडे नजर टाकून जाते.

बाथरूमबद्दल मात्र चेष्टा सुचत नाही. गॅसचा गीझर आत, आणि थंडी येते, कबुतरं बसतात म्हणून झरोक्याला प्लायवूड ठोकलेलं, कडेने सिलिकॉन. गळणाऱ्या गॅसला वास असतो, कारण तो मुद्दाम घातलेला असतो. अपुऱ्या हवेत ज्योत जळताना होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. माणूस अंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. तुम्ही सगळे इतकी वर्षं तिथून बाहेर येत राहिलात, हा निव्वळ नशिबाचा भाग आहे. गीझर त्याच दिवशी काढला.

स्लॅबचे पोपडे वगैरे किरकोळ. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट ढकलते, तुम्ही वरून पुट्टी भरत राहिलात. दारांवर ऑइलपेंटचे सात थर आहेत. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. म्हणून पेंटरला कोरडा पॉलिश पेपर मारू दिला नाही, आणि तो माझ्यावर अजून रुसलेला आहे.

वकिलांकडेही जाऊन आलो. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२चा कायदा, कलम ५५. विकणाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष सांगायला हवा. मी उत्साहाने भेगेचा फोटो दाखवला. वकिलांनी चष्मा वर करून विचारलं, ‘कॅलेंडर उचलून पाहिलं होतंत?’ काका, घर बघायला आम्ही तीनदा आलो होतो. आंब्याखाली अर्धा तास उभे राहिलो. मीटरच्या पेटीपाशी एक मिनिटही नाही.

नवं अर्थिंग झालं, कोळसा-मीठ घालून खड्डा भरला, तीस मिलीअँपिअरची गळती झाली की वीज तोडणारं यंत्रही बसलं. पहिल्याच पावसात एका रात्रीत ते तीनदा पडलं. दोन वाजता मी वायरमनला फोन करून म्हणालो, सकाळपर्यंत तेवढं बायपास करता येईल का? पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘मंग काकांचं काय चुकलं व्हतं?’ पाणी पोर्चमधल्या बेलच्या बटणात शिरलं होतं.

तर आता मुद्द्याचं. मागच्या अंगणात झाकण बरं दिसत नाही म्हणून तुम्ही सेप्टिक टँकवर फरशी बसवलीत आणि वास येतो म्हणून त्याचा उंच पाइप कापून बूच मारलंत. टँक भरला आहे. मैला उपसणारी गाडी सकाळपासून फाटकाशी उभी आहे, आणि पाइप हातात घेऊन गाडीवाला मला विचारतोय, खणू कुठे? शेवग्याच्या बाजूला की तुळशीच्या? फोनवर सांगितलंत तरी चालेल.

आपला,
साडेतीन भिंतींचा मालक