जावईबापू आणि डायनॅमो

काउली, ऑक्सफर्ड

ती. आई-अप्पांना,



फोनवर निम्म्या गोष्टी राहून जातात आणि उरलेल्या निम्म्या सांगेपर्यंत मंदार फोन ओढून घेतो व ‘अप्पा, आज किती व्होल्ट आले सांगू का’ असं सुरू करतो, म्हणून हे पत्र. आम्ही खुशाल आहोत. ईशानचा खोकला गेला. आई, तुझी भाजणी पोचली, निम्मी संपलीसुद्धा.

आता गाडीचं. इथल्या सरकारनं चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना रोड टॅक्स आणि वर्षाची तपासणी दोन्ही माफ केलंय. हे ज्या दिवशी तुमच्या जावयांना, म्हणजे मंदारला, कळलं, त्या दिवसापासून आमच्या घराला साडेसाती लागली. ‘खर्चच नाही गं काही,’ असं म्हणत त्यांनी १९६७ ची मॉरिस मायनर दारात आणून उभी केली. अप्पा, हिचीच थोरली बहीण आपल्याकडं ‘बेबी हिंदुस्थान’ म्हणून आली होती. आणि गंमत म्हणजे हिचा कारखाना आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. त्याच परिसरात आता नव्या मिनी तयार होतात. म्हणजे ही आमची बया माहेरी नांदतेय. नखरे असणारच.

दिसायला लोभस आहे, ते मात्र कबूल केलंच पाहिजे. ॲलेक इसिगोनिस नावाच्या माणसानं तिचा आराखडा केला. नमुना तयार झाल्यावर त्याला ती अरुंद वाटली, तर त्यानं गाडी मधोमध उभी कापली आणि चार इंच रुंद केली! बॉनेटवर मधून जी उंच पट्टी जाते ना, ती त्याची खूण. मालक लॉर्ड नफील्ड यांनी तिला पाण्यात फोडून शिजवलेलं अंडं म्हणून नाक मुरडलं होतं. १९४८ साली बाजारात आली आणि पुढं दहा लाखांच्या वर खपली. मालकांना काय कळतंय!

तर दुखणं असं. दिवसा गाडी शहाण्यासारखी चालायची. रात्री दिवे लावले की दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी आडवी. या गाडीत आताच्यासारखा अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. तो इंजिन पळतंय तोवर वीज देतो, सिग्नलला गाडी थांबली की त्याचीही विश्रांती. त्यात दिवे, वायपर, हीटर असं सगळं लावलं की कमाईपेक्षा खर्च जास्त. पण आमच्याकडं कमाईच होत नव्हती.

गणपतीच्या दिवशी रात्री मंडळातून जेवून निघालो तर पाऊस. गाडीनं ‘घर्र’ केलं आणि गप्प. बरं, या गाडीला पुढून हॅंडल मारायची सोय आहे. मंदार रेशमी कुर्त्यात, पावसात, बंपरपुढं वाकून हॅंडल मारतोय, मी छत्री धरलीय, ईशान आत मोदकांचा डबा मांडीवर घेऊन बसलाय, आणि मंडळातली पोरं मागून ढकलत ‘मोरया’ म्हणताहेत. विसर्जनाला आणखी पाच दिवस होते, पण आमचीच मिरवणूक आधी निघाली.

मग शोधमोहीम. पहिला संशय डायनॅमोवर. पट्टा बोटानं दाबून पाहिला, ताण बरोबर. मग मंदारनं डायनॅमोच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन्ही टर्मिनल एका तारेनं जोडली, मीटर लावला आणि इंजिन हळूहळू वाढवलं. यात इंजिन पळवायचं नसतं, नाहीतर डायनॅमोच जळायचा. काटा सरसर वीसकडं निघाला. डायनॅमो निर्दोष सुटला.

मग पाळी आली रेग्युलेटरच्या डबीची. तिच्यात दोन छोटी विद्युतचुंबकं असतात. एक डायनॅमोला आवरतं. दुसरं, डायनॅमो थांबला की बॅटरीकडची वाट तोडतं, नाहीतर बॅटरीच उलटी डायनॅमोत रिकामी व्हायची. मंदारनं त्यातले काँटॅक्ट घासले. ते इतके चकचकीत झाले की त्यात तोंड दिसावं. गाडी तशीच.

तोवर वायरींचं पुराण सुरू झालं. कारखान्यातून येताना तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीची, चावी असो नसो जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून आलेली. काळी अर्थची. ईशाननं हे पाठ केलंय, मराठी पाढे मात्र बारापर्यंतच येतात. एवढं शिस्तीचं काम, पण मधल्या काळात कुणा मालकाच्या हाती लाल वायरीचं भेंडोळं लागलेलं दिसतं. त्यानं हॉर्नला लाल, हीटरला लाल, डिकीतल्या दिव्याला लाल, सगळ्या गाठींना इन्सुलेशन टेप. अप्पा, तुमच्या विद्युत मंडळात असं कुणी आकडे टाकले असते तर तुम्ही त्याला खांबालाच बांधलं असतंत.

यानंतर तुमचा फोन आला. पहिल्या वाक्यातच तुम्ही ‘अर्थिंग बघितलंत का?’ विचारलंत आणि मंदार म्हणाला, ‘अप्पा, ही डीसी आहे, आणि इथं प्लस बॉडीला असतो.’ आई, तू जवळ होतीस, तुला आठवत असेल, अप्पा पाच मिनिटं काही बोलले नाहीत. साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचा प्लसच बॉडीला जोडलेला असे, हे त्यांना पटेना. सरकारी माणसाला पटेल तरी कसं!

पण खरा पुरावा माझ्या हाताला मिळाला. मी चोकचं बटण ओढून धरलेलं, मंदार स्टार्टर मारतोय, आणि बटण उलथन्यासारखं तापलं. मी ओरडले. अप्पा, तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लगेच म्हणालात, ‘इंजिनचा अर्थ तुटलाय. करंट चोकच्या तारेतून परत जातोय.’ मी स्वयंपाकघरात उभी होते, अंगावर काटा आला. ही इंजिनं रबराच्या पायांवर बसवलेली असतात. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये एक विणलेला तांब्याचा पट्टा असतो, तो नसेल तर स्टार्टरचा सगळा करंट जी धातूची वाट सापडेल तिथून जातो. आणि डायनॅमोही इंजिनलाच बसवलेला, त्याचीही परतीची वाट तीच. एक पट्टा गेला की दोघांचा संसार मोडला.

तुम्ही सांगितलंत तसं मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसच्या खुंटीवर, दुसरं इंजिनच्या लोखंडावर, आणि स्टार्टर. अर्ध्या व्होल्टच्या आत यायला हवं होतं, काटा दोनच्या पुढं गेला. मंदार गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सजवळ पट्टा लोंबत होता, टोकाला हिरवा गंज, आणि बोल्ट तर कुणीतरी छान रंगवून ठेवलेला. रंगावर अर्थ कसा धरायचा! सॅंडपेपर, नवा पट्टा, वर व्हॅसलीन. किंमत दोन कप कॉफीएवढी. आता इंजिन जरा पळवलं की बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसतात. रात्री दिवे लावून आम्ही मुद्दाम बॅनबरीपर्यंत जाऊन आलो. परतताना जावईबापू जे काही बोलले, ते ऐकून वाटलं की निदान अर्थ त्यांनीच शोधला.

मधे ईशाननं गाडीत फोनचा चार्जर बसवायचा हट्ट धरला होता. त्याला मीच आवरलं. त्या चार्जरची धातूची बाहेरची कड मायनसची, आणि इथं सगळी बॉडी प्लस. दोघं भेटले तर फ्यूज उडायचा किंवा वायरच पेटायची. शेवटी फोन घरीच राहतो आणि पोरगं खिडकीबाहेर बघतं.

तिकिटं काढल्याचं कळलं. आई, गाडीला दोनच दारं आहेत, पण तुला पुढं बसवू, मागं मी. अप्पा, येताना तुमचा टेस्टर आणू नका. हातातल्या सामानात ठेवलात तर विमानतळावर काढून घेतील, आणि बारा व्होल्टवर त्यातला दिवा लागायचा नाही. मंदारनं तुमच्यासाठी मीटर घेतलाय. आधी माझ्याकडं द्या म्हणून ईशान भांडतोय.

तुमची,
सुमा

ता. क. कालपासून एकच इंडिकेटर लागतोय. मंदारला मी अजून सांगितलेलं नाही. तुम्ही रात्री फोन केलात की तुम्हीच विचारा.